दीड तासाचं कुवेत

आर्वी,
१२ फेब्रुवारी १९८४

प्रिय नलू,

आज तुझ्या बापाचे पाय जमिनीवर नाहीत. पण क्रमानं सांगू दे, नाही तर सगळं घाईत सांडून जाईल. जावईबापूंनी आईसाठी पाठवलेलं विमानाचं तिकीट महिन्यापूर्वीच मिळालं, अन् आम्ही मुद्दाम कळवलं नाही. रागावली असशील.

तुझ्या आईचं तुला ठाऊकच. नवरा जन्मभर एस.टी.त कंडक्टर, अन् बायकोला बस लागते! डेपोत काय कमी चेष्टा ऐकली मी? आर्वी ते वर्धा, दीड तास, एवढीच तिची हद्द. पुढे उलट्या. म्हणून विमानाचं नाव काढलं की मान हलवायची. गेल्या खेपेला तू तिथं कुवेतच्या दवाखान्यात एकटी होतीस, बाळ राहिलं नाही, अन् ट्रंक कॉल तुटल्यावरही ही फोन कानाला धरून उभीच होती. या बाळंतपणाला तुझ्या उशाशी बसायचं तिच्या फार मनात होतं गं. पण भीती ती भीतीच.

तिकिटावर लिहिलेलं, मुंबईहून नऊ, कुवेत साडेदहा. मी मोठ्यानं वाचलं. ती चुलीपासून उठून आली. दीडच तास? मंग तं वर्धाच झाली, जाते मी, म्हणाली! मी नाचायचाच बाकी होतो. मग परतीचं पाहिलं तर निघायचं बारा, पोचायचं साडेसहा. अरे देवा! मी म्हटलं, येताना चढ असेल. शेजारचे वासुदेवराव गुरुजी हसून हसून बेजार झाले. त्यांनी ओट्यावर बसवून समजावलं, तिकडची घड्याळं आपल्याहून अडीच तास मागं. जाताना चार तास, येतानाही चारच. पावणेतीन हजार किलोमीटर, म्हणजे आर्वी-नागपूरच्या पंचवीसपट, अन् वेळ मात्र आपल्या नागपूर गाडीएवढाच!

झालं. चार तास म्हणजे तुझी आई काही जात नाही. मी गुरुजींना शपथ घातली, घरात ब्र काढू नका. ती डिंकाचे लाडू वळता वळता विचारायची, दीडच तास ना हो? मी हो म्हणायचो अन् ओट्यावर सटकायचो.

अधूनमधून ती सकाळच्या गाडीनं वर्ध्याला गोपिकामावशीकडे जायची. जायच्या आधी बहिणीला भेटते बिचारी, असं मी समजत होतो. आज डेपोत चहाला गेलो तर आपला चंद्रभान कंडक्टर विचारतो, रूपरावजी, वहिनी नागपूरचं तिकीट काऊन काढून राह्यल्या? मी उडालोच! पुढच्या सीटवर बसते म्हणे, मुठीत लिंबू धरून. पहिल्यांदा वर्ध्यालाच उतरली, चेहरा पांढराफटक. मग वर्ध्यापुढच्या सेलूपर्यंत गेली. काल थेट नागपूर गाठलं, स्टँडवर चहा प्याली अन् त्याच गाडीनं परत आली.

घरी येऊन विचारलं तर खुशाल हसली. ओट्यावरचं सगळं तिनं तेव्हाच ऐकलं होतं, मला मुद्दाम छळत होती! म्हणाली, पोरीले हो कळवून मंग माह्यानं जमलं नसतं, तं तिनं पुन्हा वाट पाहून रडाचं का? म्हणून थांबली होती मी. आता लिहा तिले. म्हणून हे लिहितोय, नलू. होळीच्या आत आई तुझ्याजवळ आहे. काल नागपूर जाऊन-येऊन तिला एकही उलटी झाली नाही!

तुझाच, खुशीनं वेडा झालेला,
बाबा