दिसणारी ताकद

माय, काल जिममधल्या पोरीनं माझ्या दंडाला टेप गुंडाळून माप घेतलं आणि वाढलाय म्हणाली. ती खूश झाली, मीही झाले. घरी येताना रिक्षात मात्र तुझे दंड डोळ्यांपुढं आले. बांगड्या कोपरावर सरकवल्या तरी अडकायच्या नाहीत, घसरून खाली यायच्या, इतके बारीक. तुला जाऊन एवढी वर्षं झाली की तुझा चेहरा आता मला एकदम आठवत नाही. आधी हात आठवतात, मग हळूहळू बाकीची तू. जिम म्हणजे काय ते तुला कुणी सांगितलं नसेल. तिथं लोखंडाची वजनं असतात. माणसं पैसे भरून ती उचलतात आणि परत होती तिथंच ठेवतात. तू पदर तोंडाला लावून हसली असतीस.

मी परळीत एका दवाखान्यात सिस्टर आहे. पेशंटला कुशीवर वळवायचं, उठवून बसवायचं, स्ट्रेचरवरून पलंगावर घ्यायचं, यात कंबर धरली, म्हणून डॉक्टर म्हणाले व्यायाम सुरू करा. हार्डवेअरच्या दुकानावर एक हॉल आहे, तिथं दुपारची बॅच बायकांची असते. खिडक्या लावलेल्या असल्या तरी थर्मलच्या वीजकेंद्राची राख आत येते आणि लोखंडी दांड्यांवर बारीक थर बसतो, तो पुसूनच हात लावायचा. शिकवणारी ट्रेनर अंबाजोगाईची, माझ्यापेक्षा बरीच लहान. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, ताई, तुमचं ध्येय काय? बाकीच्या बायकांनी वजन कमी करायचं सांगितलं होतं. मी म्हणाले, मला दंड दिसायला हवेत. तिनं मला खाली बसवून नीट समजावलं. तिचं म्हणणं असं की फुगलेला स्नायू आणि कामाला येणारी ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जड वजन थोड्याच वेळा उचललं तर ताकद वाढते, मध्यम वजन पुष्कळ वेळा उचललं तर आकार वाढतो, आणि माझ्या कामाला पाठ, मांड्या आणि हाताची पकड हवी, दंड कुणाला दाखवायचेत?  मी फक्त दंड हवेत, एवढंच पुन्हा म्हणाले. शेवटी आमचं असं ठरलं की आठवड्यातले निम्मे दिवस तिच्या मनासारखे आणि निम्मे माझ्या. शेंगदाणे, अंडी, हुलग्याचं माडगं, सगळं तिनं सांगितलं तसं खाल्लं.

दंड कशाला हवेत, ते तुला सांगते. त्या साली आपण ऊसतोडीला गेलो होतो ते रान मला अजून जसंच्या तसं दिसतं. दुपार आहे. तू बांधाला बसून पाणी पितेस, मी तुझ्याजवळ. आबा उसानं भरलेली बैलगाडी चारीतून वर काढतायत. एक बैल गुडघे टेकतो, गाडी कलते, आणि आबा तिच्याखाली. तू कधी उठलीस ते मला दिसलंच नाही. मला दिसलं ते एवढंच की तू गाडीला खांदा लावून उभी आहेस आणि चाक जमिनीपासून सुटलं आहे. आबा कोपरांवर सरकत बाहेर आले. तू गाडी सोडलीस, आबांना हात देऊन उठवलंस, पदर झटकलास आणि तांब्यातलं उरलेलं पाणी प्यालीस. तोवर टोळीतले गडी धावत आले. तीच गाडी सरळ करायला ते सगळे मिळून भिडले, पण ती तसूभर हलली नाही. शेवटी ऊस उतरवून घ्यावा लागला.  सगळे अधूनमधून तुझ्याकडं बघत होते आणि तू बघितलंस की मान खाली घालत होते.

संध्याकाळी बायकांनी आपल्या चुली तुझ्या चुलीपासून लांब मांडल्या. तुझ्याकडून कुणी पीठ उसनं न्यायला येईना. आबा, ज्यांचा जीव तुझ्यामुळं वाचला, ते बैलांजवळ अंथरूण टाकू लागले. मला त्यांनी एकदाच सांगितलं, "तुझ्या मायनं मला उठवाया हात दिला नं, तो हात गार व्हता. हिरीतल्या पाण्यावानी गार." गावी शिरूरला परत आल्यावरही ते ओट्यावरच झोपत राहिले. मग एका देवऋषीला आणलं. त्यानं तुला समोर बसवून आत कोण आहे ते विचारलं. तू म्हणालीस, "मीच हाय. आन् गाडी बी म्याच उचलली." त्यानं तुझ्या दंडांकडं बघितलं, जमलेल्या माणसांनीही बघितलं, आणि तुझ्या बोलण्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. त्या दिवशी भाकरी थापता थापता तू माझ्याकडं न बघता बोललीस, "माझे दंड गड्यावानी आसते तर कुणी काय इचारलं नसतं."

पुढच्या वर्षी तू तापानं गेलीस. खांदा देणारे परत आल्यावर पाय धुताना हळू आवाजात बोलत होते, एवढीशी बाई, पण लई जड लागली. वाटेत त्यांना सारखे खांदे बदलावे लागले होते.

म्हणून मला दंड हवे होते. कधी काही उचलायची वेळ आलीच, तर बघणाऱ्याला कारण दिसावं. एवढंच माझं ध्येय होतं, आणि ते त्या पोरीला सांगण्यासारखं नव्हतं.

जिममध्ये पहिले काही महिने नीट गेले. एकदा ट्रेनरनं जमिनीवरून दांडी उचलताना माझी पाठ वाकते का ते दाखवायला फोनवर व्हिडिओ काढला. आम्ही दोघी बघत होतो. दांडी उचलायच्या आधी व्हिडिओत बाईचा आवाज येतो, "आलं, आलं." अगदी हळू, जरासा बसलेला. मोळी डोक्यावर घेताना तू म्हणायचीस तसं. ट्रेनर म्हणाली, ताई, हे काय म्हणता तुम्ही दर वेळी? छान आहे. मी व्हिडिओ परत लावायला सांगितला. व्हिडिओत माझे ओठ मिटलेले होते. तिच्या ते लक्षात आलं नाही, आणि मी तिला दाखवलंही नाही.

त्यानंतर आम्ही भाड्याचं घर सोडून दुसऱ्या मजल्यावर राहायला गेलो. सामान चढवायला दोन हमाल आले होते, एक म्हातारा, एक तरुण. लोखंडी कपाट रिकामं करू म्हटलं तर तुझा जावई ऐकेना. तसंच भरलेलं न्यायचं ठरलं. म्हातारा वरून दोरी धरून होता, तरुण आणि हे खालून लावत होते, मी त्यांच्या मागं भांड्यांची पाटी घेऊन. जिना वळतो तिथं दोरी निसटली. तरुण हमाल उडी मारून बाजूला झाला. कपाट यांच्या छातीवर येऊन भिंतीला टेकलं. यांचा आवाज नाही, श्वास नाही, फक्त डोळे माझ्याकडं. मी पाटी ठेवली, वर गेले, कपाटाच्या खालच्या कडेला हात घातले आणि उचललं. मला वजन लागलं नाही, माय. लागला तो खांदा. माझ्या डाव्या खांद्याला खेटून दुसरा खांदा लागला होता, हाडकुळा, रुतणारा. माझ्या डावीकडं जिन्याचा कठडा होता, आणि कठड्यापलीकडं थेट तळापर्यंत मोकळं. तिथं कुणाला उभं राहता आलं नसतं. हे खाली सरकून बाहेर आले. मी कपाट टेकवलं. मग तरुणानं आणि म्हाताऱ्यानं मिळून ते हलवून बघितलं. शेजारचेही हात लावायला आले. हललं नाही. शेवटी दार उघडून आतलं सगळं काढल्यावर ते जागचं सुटलं.

मी चहा केला. तरुण हमालानं घेतला, माझ्या हाताकडं बघून कोणत्या जिमला जाता विचारलं, आमच्या बायकोला बी धाडतो म्हणाला. म्हातारा दारातच उभा राहिला. बोलण्यावरून आपल्या शिरूरकडचा वाटला. मी कप पुढं केला तर तो मागं सरला आणि म्हणाला, "न्हाई बाई, आमाला उशीर व्हतोय." मग पाणी तरी घ्या म्हटलं, तर तेही घेतलं नाही. त्यानं माझ्या दंडांकडं एकदाही बघितलं नाही. तो माझ्या डाव्या बाजूला बघत होता.

यांना एक्सरेला नेलं, बरगडीला तडा होता. परत आणून बाहेरच्या खोलीत गादीवर झोपवलं. मी दारापाशी उभी. जिन्यात मी यांना हात देऊन उठवलं तेव्हा हे म्हणाले होते, तुझे हात किती गार पडलेत गं. तेव्हापासून मी यांना हात लावला नव्हता. आता हे काय बोलतील, कुठं झोपतील, याचीच मी वाट बघत होते. आबांची बैलांजवळची गोधडी मला तिथं त्या खोलीत दिसत होती. हे म्हणाले, "कावून तिथं उभी हायस? इकडं ये की." मी गेले. यांनी माझा दंड दाबून बघितला आणि हसायला गेले तर बरगडी दुखली. मग भावाला फोन लावून सांगितलं, अरे, वैनी जिमला जाते माहीत नाही का तुला, एकटीनं कपाट उचललं. पुढं जो येईल त्याला हेच सांगत राहिले, मला जवळ बसवून, माझी बाही वर करून. येणारा दंड बघायचा आणि मान डोलवायचा. पटायचं सगळ्यांना. मीही म्हणायचे, हो, जिममुळंच. तुला जे कुणी दिलं नाही ते मला असं सहज मिळालं, आणि खोटं बोलून मिळालं.

खोटं, कारण ट्रेनरनं पुढच्या आठवड्यात ते सगळं ऐकल्यावर दांडीला वजनं लावली. कपाटाएवढी नव्हे, त्याच्यापेक्षा बरीच कमी. मी सगळा जोर लावला. दांडी जमिनीवरून सुटली नाही. तिनं वजनं उतरवली आणि म्हणाली, घाबरल्यावर माणसाच्या अंगात येते अशी ताकद, होतं तसं. मी हो म्हटलं. कपडे बदलताना माझ्या डाव्या खांद्यावरचा काळानिळा डाग मला आरशात दिसला. हाडाच्या टोकाएवढा. त्या बाजूनं मला काहीच लागलेलं नव्हतं.

तेव्हापासून एकच गोष्ट मनात आहे. देवऋषीसमोर तू ठामपणे सांगितलंस की गाडी तूच उचललीस. ते खरं होतं का, माय? का तुझ्याही बाजूला कुणी होतं, आणि तूही माझ्यासारखंच ते गिळून टाकलंस? तुझी आई तुझ्या लहानपणीच गेली होती, एवढंच मला ठाऊक आहे. तिचे हात कसे होते ते तू कधी सांगितलं नाहीस.

हे पत्र मी कुठंच टाकणार नाही, शिरूरचं ते ओट्याचं घर आता पडलंय आणि तिथं तू नाहीस. काल माप घेऊन झाल्यावर ट्रेनरनं विचारलं, ताई, आता पुढचं ध्येय काय, आकार की ताकद? मी म्हटलं, दंड आहेत तेवढे पुरेत, आता ताकद. ती खूश झाली. पुढच्या वेळी सगळा भार तुझ्या एकटीवर पडू नये, हे खरं कारण मी तिला सांगितलं नाही. दांडी धरायच्या आधी मी हल्ली जरा उजवीकडं सरकून उभी राहते. तिला वाटतं, आरशात नीट दिसावं म्हणून.