अध्याय पुरा होईपर्यंत

बाबा,

शाळेत घालण्याआधी तुम्हीच मला वाचायला शिकवलेत. कट्टा गावच्या बाजारातून आलेल्या साखरेच्या, मसाल्याच्या पुड्या आई सोडायची आणि ते कागद तुम्ही गुडघ्यावर घासून सपाट करायचात. पडवीत ओले काजूगर सोलता सोलता ऐकायचात. मी घाईने ओळ गिळली की तुमचा हात थांबायचा. "धावतंस कित्याक गो? एसटी सुटता काय?"

तुम्ही जाऊन इतकी वर्षे झाली आणि आता मी सारखी धावते. पुण्यातल्या एका कंपनीचे काम घरून करते. ग्राहकांच्या तक्रारी दिवसभर वाचायच्या, उत्तरे द्यायची. संध्याकाळी पुस्तक उघडते तर डोळे पानाच्या तळाशी आधीच पोचलेले असतात. मध्ये काय होते ते विचाराल तर सांगता येणार नाही. भात लावून आल्यासारखी पाठ दुखते. आईला हे सांगायची लाज वाटते, कारण ती खरोखरच लावून आलेली असते.

तुमच्यानंतर श्रावणातली पोथी तीच वाचायची. यंदा तिला मोतीबिंदू, म्हणून मी बसले. अध्याय सुरू केला की पुरा होईपर्यंत उठायचे नाही, ही तुमची शिस्त. दिवा लावून वाचू लागले आणि आतल्या खोलीत फोन वाजला. पुन्हा फोन चुकला तर काम दुसऱ्या कुणाला देऊ, असे साहेबांनी त्याच आठवड्यात बजावले होते, आणि घर माझ्याच पगारावर चालते. फोन थांबतो, परत वाजतो. तोंड वाचते आहे, कान आत आहेत. आई हळूच म्हणते, "ही ओवी दोनदा वाचून झाली गो. फोन बघून ये. देव खंय पळान जातलो?"

मी उठले नाही. त्यात भक्ती फारशी नव्हती. उठले असते तर परत येऊन बसले नसते, एवढे कळत होते. तीच ओवी तिसऱ्यांदा वाचली, शब्दाखाली बोट धरून, मग पुढची. फोन कधी गप्प झाला ते कळले नाही. कितीतरी महिन्यांनी एक गोष्ट सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाचली.

मग भीत भीत साहेबांना फोन लावला आणि गावात नेटवर्क नव्हते म्हणून सांगितले. त्यांनी लगेच मानले. आपल्याकडचे हे कारण सगळीकडे खपते. काम टिकले. तेव्हापासून अध्यायाच्या वेळी रोज नेटवर्क जाते. आईला हे ठाऊक नाही आणि हा कागद तरी मी कुठे धाडणार? खोटे बोलल्याचे टोचते, पण त्याहून जास्त टोचते ते हे की, मी वाचत होते, एवढे साधे वाक्य साहेबांपुढे माझ्या तोंडून निघाले नाही.