उलटी मूठ

ता. १४, गुरुवार, दुपार

प्रिय ताई,

धाकट्याचा वाकून नमस्कार. देवाच्या दयेने आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस की नुसती बाटली जवळ घेऊन बसतेस?

रविवारी तुझा राजा माझ्या मुंगीला न्यायला येतो आहे, तिची तयारी करून ठेव, असं तू फोनवर म्हणालीस. मी "बरं" म्हणालो. समोर माणूस दिसत नसला की माझी जीभ अडते, हे तुला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र. दुकानात, कामाच्या फळीवर बसून लिहितो आहे. कागदातून भुसा सांडला तर झटकून टाक.

काम चांगलं चाललं आहे. दारं-खिडक्या नेहमीच्याच, पण यंदा एक वेगळी मागणी आली. आमच्या गल्लीच्या टोकाला जो जुना हॉल आहे, तिथे स्वसंरक्षणाचा वर्ग सुरू झाला. शिकवणारे सर तरुण आहेत, बारीक कापलेले केस, बोलणं मऊ. त्यांना सरावासाठी लाकडी सुऱ्या हव्या होत्या. मला आधी हसू आलं. लाकडाची सुरी म्हणजे न चावणारा कुत्रा. पण सर दुकानात बसून सगळं समजावून सांगू लागले. सुरी धरायच्या दोन तऱ्हा. एक आपण भाजी चिरताना धरतो ती, सुलटी. दुसरी उलटी. तिच्यात पातं करंगळीच्या बाजूने खाली निघतं आणि मनगटामागे, हाताला चिकटून लपून राहतं. अंगठा मुठीच्या टोकावर, टोपणासारखा बसतो. म्हणून मुठीचं टोक गोल हवं, नाहीतर अंगठा सोलतो. मी लाकूड तासायच्या वाकसाशिवाय दुसरं हत्यार धड न धरलेला माणूस. मला काही ते जमेना.

मुंगी चहा घेऊन आली होती. तिने फळीवरचा अर्धवट तासलेला तुकडा उचलला आणि मुठीत फिरवला. पातं नाहीसं झालं. "अशी धरायची, बाबा," म्हणाली. कुठे शिकलीस विचारलं, तर कप गोळा करून आत गेली. मी अजून प्यायलोही नव्हतो.

ताई, खरं सांगतो, माझ्या मनात पहिलं पाप सरांविषयी आलं. लेक माहेरी आलेली, हाताला पट्टी, तोंडाला कुलूप. त्यात दुसऱ्याच दिवशी तिने वर्गात नाव घातलं. सर ओळखीचे असणार, आधीपासूनचं काहीतरी असणार, म्हणून तिला तुमच्याकडे जायचं नाही, असा मी हिशेब मांडला. सगळा माल एका खेपेत पोचवता आला असता, पण मी रोज दोन-दोन सुऱ्या घेऊन हॉलवर जाऊ लागलो. एकदा एकच नेली. मुंगीची आई म्हणाली, "लोक वरात काढतात, तुम्ही सुऱ्यांची काढा." तिला वाटलं असेल मला काही कळत नाही. मी तिच्यावरही संशय घेतला, की मायलेकींनी मिळून मला आंधळा ठरवलं आहे. सकाळी देवापुढे बसायचो आणि मन हॉलच्या खिडकीला लटकलेलं असायचं. जपाची माळ हातात, आणि आत फक्त तो हसला का, ती हसली का.

पण ताई, ती तिथे हसतच नव्हती. सर तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत. उलट शेजारच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनाच ते जास्त रागे भरत, कारण त्या सुरी दिसली की पुढे धावायच्या. सर सगळ्यांना एकच सांगत, सुरीपुढे शौर्य दाखवायचं नाही, आधी अंतर, मग दार. हात चालवायचा तो दार सापडलं नाही तर.

मग मंगळवारी जे झालं, त्यासाठी हे पत्र लिहायला बसलो आणि इतका वेळ भुसा उडवत राहिलो.

सरांनी माझ्या सुरीच्या धारेला खडू लावला. लागेल तिथे कपड्यावर पांढरी रेघ उठते, म्हणजे कुठे कापलं असतं ते कळतं. प्रत्येकाने हॉलमधून सरळ चालत यायचं, समोरून सर येणार, कधी पत्ता विचारत, कधी नमस्कार करत, कधी नुसतेच. सुरी असेल किंवा नसेल. उलटी धरलेली, म्हणून दिसणार नाहीच. नर्सबाईंच्या गळ्यावर रेघ उठली. पोस्टातल्या जाड्याच्या पोटावर उठली, तो म्हणाला, "एवढ्या मोठ्या पोटावर न लागणंच अवघड." सगळे हसले. मीही दाराशी उभा राहून हसलो.

मुंगीची पाळी आली. सर हसत, तिची चौकशी करत येत होते. त्यांचा हात हललाही नव्हता, तोच ती मागे सरकली आणि तिने कोपर वाकवून हात तोंडावर घेतला. रेघ उठली ती हाताच्या बाहेरच्या बाजूला, मनगट आणि कोपर यांच्या मध्ये. पट्टी आता निघाली आहे ना, तिथे वण आहे. खडूची रेघ त्या वणाच्या बोटभर खाली, त्याच तिरक्या अंगाने.

सरांनी विचारलं, सुरी दिसली का? ती म्हणाली, "नाही. अंगठा वर होता."

कुणी हसलं नाही. सरांनी सगळ्यांना पाणी प्यायला सोडलं आणि माझ्याजवळ आले.

"काका, ही नजर मी शिकवलेली नाही. नवा माणूस तोंडाकडे बघतो. अंगठ्याकडे तोच बघतो ज्याने हे आधी पाहिलंय."

मी म्हणालो, तिच्या हातावरचा तो वण डब्याच्या झाकणाचा आहे. ते म्हणाले, "झाकण बोटं कापतं. इथे कापायला हात तोंडावर घ्यावा लागतो."

मला त्यांचा राग आला. आगाऊ माणूस, म्हटलं, आणि घरी आलो. वाटेत मात्र एक गोष्ट कुसळासारखी टोचत राहिली. राजा मांसाच्या कारखान्यात हाडं सोडवायच्या कामावर आहे. लग्नाआधी त्याने मला ते दाखवलं होतं, कौतुकाने. सुरी अशीच धरतात, पातं खाली, अंगठा टोकावर, आणि आपल्याकडे ओढतात. हाताला सवयच लागते, मामा, म्हणाला होता. भाचा होता तेव्हा माझ्या खांद्यावर बसून गावभर फिरायचा. जावई झाला आणि मी त्याला अहो-जाहो करू लागलो, तेव्हा तू किती हसली होतीस.

आणखी एक. मुंगी इथे पोचायच्या आधी तुझा फोन आला होता. झाकण लागलं आहे, मी बाजारात होते, राजा बाहेरच्या खोलीत होता, काळजी करू नकोस. मुंगीची आई म्हणाली, आत्या किती जीव लावते. मीही मान हलवली. आता वाटतं, ताई, मी तर काही विचारलंच नव्हतं. तू बाजारात होतीस, तर राजा कोणत्या खोलीत होता हे तुला कसं कळलं?

काल मुंगीला मागच्या पायरीवर गाठलं. ती बाहीवरची खडूची रेघ धूत होती. मी विचारलं, राजाने केलं का? ती कापड चोळत राहिली. मी म्हटलं, मी तुझा बाप आहे, माझ्यापासून काय लपवतेस. तेव्हा म्हणाली, "आत्याला विचारा, बाबा. पट्टी तिनेच बांधली."

एवढंच. मग पिळून दोरीवर टाकलं आणि म्हणाली, "तिला चांगली बांधता येते."

ताई, हे वाक्य मला झोपू देत नाही.

तुला आपली शाळा आठवते? विहिरीवर पाट्या धुवायला तू सगळ्यांच्या पुढे, आणि उडणारं पाणी माझ्या अंगावर. बाह्या खांद्यापर्यंत वर करायचीस आणि गुरुजी म्हणायचे, ही पोरगी पाटी धुते की म्हैस. तुझे ते हात मला लख्ख आठवतात. लग्नानंतर मी ते कधी पाहिले नाहीत. भर उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बाह्या. भाऊजीही त्याच कारखान्यात, त्याच कामावर होते. ते जाऊन इतकी वर्षं झाली, तुझ्या बाह्या काही वर गेल्या नाहीत. मला वाटायचं, तुझी आवड. हा माझा संशयच असेल. सरांवरचा संशय खोटा निघाला, तसा हाही खोटा निघो, अशी आज सकाळी प्रार्थना केली. पण तेवढ्या प्रार्थनेवर विसंबून लेकीला गाडीत बसवण्याइतका मी भाविक नाही.

तेव्हा रविवारी राजाला पाठवू नकोस. मुंगी येणार नाही. त्याला काय सांगायचं ते तू ठरव, किंवा मी सांगतो, समोर उभं राहून. दाराला आतून नवी कडी बसवली आहे, सागाची, माझ्या हातची. आला तर तो बाहेरून बोलेल.

तू मात्र ये. एकटी ये. तुझ्यासाठी कडी काढायला मी स्वतः उठेन. काही विचारणार नाही, तू जेवशील, मुंगीजवळ बसशील, वाटलं तर बोलशील.

फक्त येताना आखूड बाह्या घालून ये.

वाट बघतो.

तुझा पाटीचं पाणी झेलणारा,
धाकटा