खोडलेली नावं

सोमवार, ३ मार्च
आज तिसरा मजला, लिफ्ट नाही. गुडघे बोलत होते, मी गप्प! बाई एकोणऐंशीच्या, शिवणकाम करायच्या. दोन दिवस मशीनचा आवाज आला नाही म्हणून शेजारीण डोकावली, तर झोपेतच गेलेल्या. अंथरुणाशेजारी चष्मा नीट घडी करून ठेवलेला. मशीनखाली कुणाचा तरी फ्रॉक अर्धवट.

ज्यांचं कुणी नाही त्यांचे अंत्यविधी पालिका करते, आणि पालिकेत ते मी करते. अठरा वर्षं. विद्युतदाहिनीवर शुक्रवारी साडेदहाची वेळ मिळाली आहे. तोवर कुणी सापडलं तर बरं, नाहीतर नेहमीचे तिघंच — मी, शववाहिनीचे गाडीवाले मामा आणि दाहिनीचा ऑपरेटर.

मंगळवार, ४ मार्च
पत्त्यांची वही सापडली. एकतीस नावं, एकोणतीस खोडलेली. म्हाताऱ्या माणसांच्या वह्या अशाच असतात, कुणी गेलं की एक रेघ. खोडलेल्यांना आपण फोन करत नाही, हा माझाच नियम. नवीन येणाऱ्यांना मीच शिकवते.

उरलेली दोन नावं — एक दवाखाना, एक दोऱ्यांचं दुकान. दुकानदार म्हणाला, "अरेरे, फार घासाघीस करायच्या हो!" शुक्रवारी दुकान बंद ठेवता येणार नाही म्हणाला.

घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तुझं एक बरं आहे. तुझी माणसं तक्रार घेऊन येत नाहीत!" हसले मी. पण जेवण गेलं नाही. त्या बाईंना एकटं पाठवायचं मनाला पटतच नाहीये. का, ते सांगता येणार नाही. फ्रॉकमुळे असेल.

बुधवार, ५ मार्च
डबा खाताना वही पुन्हा चाळत होते. एका पानावर एकच नाव चार वेळा. खोडलंय, खाली नवा पत्ता. तोही खोडलाय, खाली आणखी नवा पत्ता. शाई दर वेळी वेगळी. शेवटचाही खोडलेला, पण ठळक, कागद फाटेपर्यंत.

मेलेलं माणूस घरं बदलत नाही! ही गेलेली नाही, हिच्यावर राग आहे. आणि राग असूनही बाई तिचा प्रत्येक नवा पत्ता कुठून कुठून मिळवत राहिल्या.

अठरा वर्षांत अशी किती नावं मी सोडून दिली असतील? किती जण कुठेतरी फोनजवळ बसले असतील? साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "फार गुंतू नका, मॅडम." गुंतू नका म्हणे!

शेवटच्या पत्त्याखालच्या नंबरवर फोन लावला. म्हाताऱ्या बाईचा खरखरीत आवाज. गेलेल्या बाईंचं नाव सांगितलं.
"मला बहीण नाही."
ठेवून दिला.

वीस मिनिटांनी तिचाच फोन. "कशानं गेली?"
"झोपेत. त्रास झाला नाही."
"तिचे पाय गार पडायचे. मोजे घातलेत का?"
"विचारते," म्हटलं. शुक्रवारची वेळ सांगितली. "बघू," एवढंच म्हणाली.

गुरुवार, ६ मार्च
सील काढून खोलीतून मोजे आणले. राखाडी, लोकरी, टाचेला रफू. शवागारातल्या माणसाने एक शब्द न विचारता घातले. देव त्याचं भलं करो.

शुक्रवार, ७ मार्च
साडेदहा झाले, कुणी नाही. अकराला पुढची वेळ दुसऱ्यांची. ऑपरेटर घड्याळ बघतोय. मी फाटकापाशी येरझाऱ्या घालतेय. मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि ऑपरेटरला ओरडून सांगितलं, "मागचा दरवाजा अडकलाय रे! थांब जरा!" मग दरवाजाला हातोडीने ठोकत बसले. अठरा वर्षांत त्या गाडीचा दरवाजा कधी अडकलेला नाही!

अकराला दहा मिनिटं कमी असताना ती आली. काठी, धाप, कोटाची बटणं वरखाली लागलेली. माझा जीव भांड्यात पडला. मामांचा दरवाजा लगेच सुटला.

बहिणीकडे बघत उभी राहिली. "एवढीशी झाली की गं," म्हणाली. मग पायांकडे गेली. "उलटे घातलेत मोजे." स्वतः काढले, सुलटे केले, घातले. एकेक. मला मदत करू दिली नाही. ऑपरेटरने घड्याळाकडे पाहणं सोडून दिलं. मी रडले. कामावर रडायचं नाही हाही माझाच नियम, पण गेला उडत.

नंतर बाकावर बसून चहा घेतला. म्हणाली, "भांडण कशावरून झालं ते आठवतही नाही." दोन घोट घेतले. "खोटं बोलले. लख्ख आठवतं. पण सांगणार नाही."
"नका सांगू," म्हटलं.
माझं कार्ड मागून घेतलं, वाचलं, पर्समध्ये टाकलं. मामांनी त्याच गाडीने घरी सोडलं. पुढच्या सीटवर बसायला मिळालं म्हणून खूश होती!

सोमवार, १० मार्च
सगळ्या जुन्या फायली काढल्या. खोडलेल्या नावांना फोन करायला सुरुवात. साहेबांनी पाहिलं आणि आपल्या खोलीत गेले.

बुधवार, २६ मार्च
दुपारी हॉस्पिटलातून फोन, एका म्हाताऱ्या बाईंबद्दल. नेहमीप्रमाणे नोंदवही ओढली, विचारलं, "कधी वारल्या?" नर्स म्हणाली, "वारल्या कुठे? चांगल्या भांडतायत! जिन्यात पडल्या, खुब्याचं हाड मोडलंय, उद्या ऑपरेशन. जवळचं माणूस म्हणून त्यांनी पर्समधून तुमचं कार्ड काढून दिलंय. तुम्ही त्यांच्या कोण?"
"बहीण," म्हटलं. "धाकटी. निघालेच."