उजव्या खांद्यावर

प्रिय ठमाबाई,

परवा संध्याकाळी डोंगरातून परत आलो. अजून अंग ठणकतंय. खुर्चीवर टेकवत नाही, म्हणून कापडं बेतायच्या टेबलाशी उभ्याउभ्याच लिहितेय. फोनवर हे बोलता आलं नसतं. दुकान म्हणजे आपली पुढचीच खोली, आणि तुझ्या बाबांचे कान हल्ली फार तिखट झालेत. आत्ता ते स्कूटर पुसायला खाली गेलेत, तेवढ्यात लिहून घेते.

थंडीच्या कोटांचं काम आटोपलं की वरच्या देवळांना जायचं, हे तुला माहीतच आहे. यंदा मी नको म्हटलं, गुडघेदुखी पुढे केली. पण ऐकतील तर ते तुझे बाबा कसले! स्वेटरच्या आत छातीशी वर्तमानपत्रं कोंबली, हातांवर तुझे जुने लोकरीचे पायमोजे चढवले आणि स्कूटरवरून निघालो. तू लहान असताना पुढे उभी राहायचीस आणि रिकाम्या वळणावरही हॉर्न वाजवून जीव नकोसा करायचीस, ते आठवून हसू आलं. बाबांनाही आठवलं असणार, कारण पहिल्याच वळणावर त्यांनी उगीचच लांबलचक हॉर्न दिला.

आता मी मागे नुसती बसत नाही. दोन वर्षांपूर्वी बाबा म्हणाले, कानटोपीत तुझं बोलणं ऐकू येत नाही, त्यापेक्षा थोपटत जा. उजवं वळण आलं की उजव्या खांद्यावर, डावं आलं की डाव्या, आणि समोर काही असलं तर दोन्हींवर. मी म्हटलं, बरं. कानटोपी उन्हाळ्यात कपाटात जाते, पण थोपटणं बारा महिने चालू आहे. भाजीला जातानाही. लोकांना वाटतं, म्हातारीला या वयात प्रेमाचं भरतं आलंय.

पहिल्या देवळात गाभाऱ्यात अंधार होता. बाबांनी डोळे मिटून, मनापासून हात जोडले ते दानपेटीला. पुजाऱ्याने हलकेच खांदा धरून वळवलं, "काका, देव इकडे आहेत." बाबा म्हणाले, "असू दे हो, आधी खजिनदाराला भेटून घेतलं." पुजारी पोट धरून हसला, मीही हसले. मग बाहेर येऊन चपला घालायला पायरीवर बसले. दगड बर्फासारखा गार होता, तरी बसून राहिले.

दुसऱ्या देवळाचा रस्ता तू विसरली नसशील. एका बाजूला कडा, दुसरीकडे दरी, आणि त्या दिवशी धुकं. थोपटून थोपटून माझे हात भरून आले होते. रात्री झोप नव्हती, बाबांच्या पाठीची ऊब लागली आणि माझा डोळा लागला गं. जागी झाले तेव्हा सगळं गप्प होतं. स्कूटर रस्त्याच्या मधोमध उभी, बाबांचे दोन्ही पाय जमिनीवर, हात हँडलवर, मान ताठ. मी दचकून विचारलं, काय झालं? म्हणाले, इंजिन तापलंय. त्या गारठ्यात! मी काही बोलायच्या आत मागून एक ट्रक करकचून ब्रेक मारत आला आणि हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर खाली उतरून वाट्टेल ते बोलला. बाबांनी ऐकून घेतलं. मी उजव्या खांद्यावर थोपटलं आणि आम्ही निघालो. पुढच्या देवळांत मी काय मागितलं ते विचारू नकोस.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मागेच सांगितलंय, गेलेली नजर परत यायची नाही, गाडी बंद करा. बाबांनी त्यातलं फक्त थेंब घालायचं तेवढं ऐकलं. तेव्हापासून सकाळी ते उठायच्या आत मी सुया ओवून ठेवते. ते विचारत नाहीत, मी सांगत नाही. पण सुईचं ठीक आहे. उद्या कुणाचं पोर चाकाखाली आलं तर? मी थकले गं. झोपेतसुद्धा उशी थोपटत असते.

उतरताना घाटाखाली चहाला थांबलो, तेव्हा बाबा कपाकडे बघत म्हणाले, "ठमीला ऑफिसला दोन बस बदलाव्या लागतात ना? मग कधी स्कूटर का मागत नाही ती?" त्यांना चाळीस वर्षं ओळखते. ते विचारत नव्हते, ठमे, विनवत होते. मी किल्ली काढून घेतली तर ते आंधळे ठरतील. तू मागितलीस तर लेकीला काहीतरी दिल्यासारखं होईल. म्हणून हे पत्र. या रविवारी ये आणि स्कूटर माग. लहानपणी मागायचीस तशी, पाय आपटून. डोळ्यांचं नाव काढू नकोस. आणि नेण्याआधी त्यांना एकदा मागे बसवून फिरवून आण. ते तुझ्या खांद्यावर थोपटतील. चुकीच्या बाजूला थोपटलं तरी काही बोलू नकोस, तू आपली नीट वळ.

तुझीच,
मागच्या सीटवरची आई