दाराचं पिवळं फडकं

सोम. ६ जाने.
अंबरनाथच्या शिवमंदिरात पाणी घातलं, मग संस्थेचं ऑफिस. श्रुती मॅडमनी कॅम्प तीन या वस्तीच्या वह्या पुढ्यात ठेवल्या. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांनी उठल्यावर दाराला पिवळं फडकं लावायचं. नऊपर्यंत दिसलं नाही, तर शेजाऱ्याने कडी वाजवायची आणि वहीत फुली मारायची. योजनेला वर्ष झालं. यातून काय साधलं ते मोजायचं काम माझ्याकडे.
"काका, फुल्या वाढतच चालल्यात. म्हणजे सवय लागली नाही. असंच गेलं तर देणगीदार योजना बंद करतील."
माझ्या मुलीच्या वयाची असेल. तिलाही वाईट वाटत होतं.

मंगळ. ७
कॅम्प ३. शेवंताआजी. फुल्या सगळ्यांत जास्त. विचारलं, विसरता का?
"इसरते बाबा. वय झालं."
पण तुळशीला पाणी घातलेलं, गोळ्या वारांप्रमाणे डबीत. विसरणारी बाई वाटेना.

गुरु. ९
उपवास. दत्ताजवळ दिवा लावला. बायको, सुमन, गेल्यापासून नैवेद्याची वाटी लहान केली आहे. आज दिवसभरात बोललो ते एवढंच: रिक्षावाल्याला, "इथेच थांबवा."
आठवलं. गावी सकाळी ज्याच्या कौलांतून धूर निघाला नाही, त्याच्याकडे आई मला धाडायची. वही नव्हती.

सोम. १३
न कळवता आठलाच गेलो. आजीच्या दाराला फडकं नाही. खिडकीतून दिसलं: आंघोळ झालेली, वेणी घातलेली, खुर्चीत दाराकडे तोंड करून बसलेली. फडकं घडी करून मांडीवर. मी समोरच्या शेजारणीच्या, कविताच्या ओट्यावर थांबलो. ती घरीच जीन्सचे धागे कापते. नऊला उठली, कडी वाजवली.
"आजी, आहेस का गेलीस?"
"गेले असते तर कडी कोण काढणार होतं गं, भवाने?"
दोघी हसल्या. चहा तयारच होता. कविता चांगली पंधरा मिनिटं बसली. बाहेर येऊन फुली मारली. "विसरली परत म्हातारी."
मग मी आत गेलो. आजी कप विसळता विसळता म्हणाली,
"फडकं लावलं की ती लांबूनच बघती न् कामाला बसती. मग दिवस सरत नाही. लिवू नको रे हे."

बुध. १५
पलीकडच्या गल्लीतले लछमनदास. वहीत बऱ्याच फुल्या. मुद्दाम काही विचारलं नाही. कालचा तिळगूळ दिला. आपणहून म्हणाले, "साईं, लगा दूँ तो आएगा कौन?"

शुक्र. १७
मॅडमना सांगितलं, नावं न घेता.
"मग लिहा ना काका. हाच तर परिणाम."
लिहिलं तर शेजाऱ्यांना कळणार. मग फडकं नसलं तरी कोणी घाईने उठणार नाही. म्हातारीला चहाला सोबत हवी असेल, म्हणतील. आणि एक दिवस ती खरंच पडलेली असेल.
नाही लिहिलं तर फुल्या म्हणजे विसर. योजना बंद. कविता कशाला कडी वाजवेल?
मॅडम म्हणाल्या, "तुम्हीच ठरवा." हेच नको होतं.

शनि. १८
सकाळी जप करताना मन लागेना. मग बसून अहवाल पुरा केला. फुल्या होत्या तेवढ्याच लिहिल्या. शेवटी एक वाक्य: "फुलीच्या दिवशी शेजारी आत किती वेळ बसतो, हे आपण कधी विचारलं नाही. ते विचारायला सहा महिने द्यावेत." कारण लिहिलं नाही. खोटं नाही. पुरतं खरंही नाही. देवाला सांगून टाकलं.
मॅडमनी लगेच देणगीदारांकडे पाठवला. उत्तर कधी येईल, माहीत नाही.

रवि. १९
नमुन्याचं एक फडकं पिशवीत राहिलं होतं. इथे बदलापूरला माझ्या दाराला लावलं. समोरचे पाटील पेपर घ्यायला बाहेर आले.
"काय हो, हे कसलं?"
सगळं समजावून सांगितलं. नऊ वाजता कडी, तेही.
"बरं आहे," म्हणाले नि आत गेले. तीन वर्षांत एवढं बोलणं पहिल्यांदाच झालं.

सोम. २०
आज मंदिरात जायला उशीर होणार. आंघोळ, पूजा झाली. फडकं लावलेलं नाही. टेबलावर आहे. चहा दोन कप टाकला.
नऊला पाच कमी. पाटलांचं दार उघडल्याचा आवाज आला. पेपरसाठीही असेल.