बाहीवरून घेतलेलं बीपी

वालचंदनगर
ता. ६ फेब्रुवारी १९९६

चि. सौ. मनिषास,
अ. उ. आ. वि. वि.

नणंदेचं पत्र म्हणून घाबरू नकोस, भांडायला लिहिलेलं न्हाय! आबा बाजारच्या दिवशी निरवांगीहून बारामतीला तुझ्या दवाखान्यात येणार हायेत. सकाळी डोकं जड होतंय म्हणतात. दुसऱ्या डॉक्टरचं नाव काढलं, तर म्हणाले, घरात नर्स असताना मी परक्याच्या दारात कशाला जाऊ. बीपी नीट बघ बाई. आकडा बरा निघाला की गोळी बंद, असं त्यांनी मनाशी ठरवलंय, आणि तो माणूस कुणाचं ऐकतोय व्हय!

नागेशला सांग, बहिणीला दोन ओळी लिहिल्या तर हात झडत न्हाय. आठवण ठेवा.

तुझी,
योगिनी

बारामती
ता. १० फेब्रुवारी

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

आबा येऊन गेले. बाकावर आणि व्हरांड्यात मिळून चाळीस माणसं होती. मी पट्टा बांधायचा, आकडा केसपेपरवर लिहायचा, डॉक्टरांनी तो बघून गोळी द्यायची, अशी आमची रीत. पाच मिनिटं शांत बसा म्हणायला सवड कुणाला? गर्दीत पट्टासुद्धा बाहीवरूनच.

आबांचं १४०/९० निघालं. मागच्या खेपेलाही तेवढंच होतं, म्हणून डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. आबा खूश! जाताना सगळ्या बाकाला सांगून गेले, ही माझी सून. काळजी नसावी, लोभ असावा.

आपली,
मनिषा

वालचंदनगर
ता. २६ फेब्रुवारी

चि. सौ. मनिषास,
अ. आ.

परवा हितल्या दवाखान्यात आबांना बघून गेलीस, पण चार शब्द बोलली न्हाईस, जेवली न्हाईस. झटक्यानं लुळी पडलेली त्यांची उजवी बाजू अजून तशीच हाय. हितल्या डॉक्टरांना बीपी २२०/१२० लागलं, तेव्हा त्यांनी विचारलं, पंधरा दिवसांत एवढं चढलं कसं? मी सांगितलं, आमच्या भावजयीनं स्वतः घेतलं होतं, तिचं चुकायचं न्हाय. आई त्यांनी रात्री खाल्लेल्या दह्याला बोल लावतेय. तुला काय वाटतं ते लिही, मला चैन न्हाय.

योगिनी

बारामती
ता. १ मार्च

ती. वन्संना,
सा. न.

आईंना म्हणावं, दह्याला बोल लावू नका. मी आबांचं बीपी घेतलंच नाही.

लग्नाला पाच वर्षं झाली, आबांसमोर डोक्यावरचा पदर ढळू दिलेला नाही. त्यांनी बाहीचं बटण न काढता हात पुढं केला आणि तोंड भिंतीकडं वळवलं. गावच्या माणसांदेखत सासऱ्याचा दंड उघडा करून धरायचा, ते मला जमलं नाही. जाड बाहीवर पट्टा गुंडाळला, फुगा दोनदा दाबला, नळीतून कानात काहीच आलं नाही. मग मागच्या खेपेचा आकडा उतरवला. परकं कुणी असतं तर पुन्हा घेतलं असतं.

मी रडलेही नाही, वन्सं. भाकरी करते, कामावर जाते. काल बेचाळीस जणांचं घेतलं. आत काही हलत नाही. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणाल तसं.

मनिषा

निरवांगी
ता. ७ मार्च

मनिषा,

तुझं पत्र फाडून चुलीत घालावं वाटलं. नागेशला तूच सांग, ते माझ्यानं व्हायचं न्हाय.

आबांना घरी आणलंय. त्यांना पत्र वाचून दाखवलं. ते काही बोलले न्हाईत. जीभ वळत न्हाय का बोलायचंच न्हाय, मला कळलं न्हाय.

बीपी रोज बघायला सांगितलंय, आणि गावात बघणारं कुणी न्हाय. मी तुला माफ केलंय का, ते मला ठाऊक न्हाय. मी उद्या वालचंदनगरला परततेय. तू रजा काढ आणि मशीन घेऊन ये.

योगिनी

निरवांगी
ता. १२ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

ह्यांना सांगितलं. माझ्याशी बोलत नाहीत, पण एसटीत मशीन त्यांनीच मांडीवर धरलं.

आज सकाळी आबांना पाच मिनिटं शांत पडू दिलं. आईंनी त्यांची डावी बाही खांद्यापर्यंत सरकवली आणि मी दंड धरला. वाकताना माझा पदर पाठीवर गेला. एका हातात फुगा, दुसऱ्यानं नळी धरलेली. आबांनी डोळे मिटून घेतले. १८०/११०. पुन्हा घेतलं, तेवढंच आलं.

पट्टा सोडला तरी त्यांचे डोळे मिटलेलेच. मी पदर पुन्हा डोक्यावर घेतला, आईंनी त्यांना तसं सांगितलं, आणि मग त्यांनी उघडले.

उरला असेल तेवढा लोभ राहू द्या.

मनिषा